क्लिनिकमधे अँटिबायोटिक किती लिहितात ते मोजायचं कसं (इंदूरमधे काम करणाऱ्यांसाठी)

"जरा सर्दी झाली की अझिथ्रो लिहून देतात" हे इंदूरमधे तुम्हाला कोणीही सांगेल. रामबागेतल्या आजी सांगतील, मेडिकलवाला सांगेल, डॉक्टर स्वतःही सांगतील, फक्त ते शेजारच्या डॉक्टरबद्दल सांगतील. पण मग शंभरातल्या किती जणांना, कुठल्या आजारासाठी, कुठली गोळी आणि किती दिवस, असं विचारलं की कोणाकडेच आकडा नसतो, कारण कोणी नीट मोजलेलंच नसतं.

हे लिहितेय ते ज्यांना आपल्या भागातल्या छोट्या क्लिनिकांचं असं मोजमाप करायचंय त्यांच्यासाठी. म्हणजे पीएसएमचे (सामाजिक वैद्यकशास्त्राचे) पीजी, इंटर्न, फार्मसीची मुलं, एखाद्या ट्रस्टचा दवाखाना चालवणारी मंडळी. फंडिंग फारसं लागत नाही, लॅब तर अजिबातच नाही, एक्सेल येणारं कोणीतरी आणि डॉक्टरचं अक्षर वाचू शकणारं कोणीतरी एवढं असलं की काम सुरू होतं (दुसरं माणूस जास्त दुर्मिळ आहे, मेडिकल स्टोअरवर आठ-दहा वर्षं उभा राहिलेला एखादा दादा मिळाला तर त्याला सोडू नका).

माझं एकच म्हणणं आहे आणि ते पुढे पुन्हा पुन्हा येईल: अँटिबायोटिकच्या पर्च्या मोजणं सोपं आहे, त्या कशाने भागायच्या हे ठरवणं अवघड आहे. छेद चुकला की पुढचं सगळं चुकतं आणि वाईट म्हणजे ते चुकलंय हे दिसतही नाही.

आधी छेद ठरवा

समजा दोन क्लिनिक आहेत. पहिलं सुदामानगरकडचं, तिथे बीपी-शुगरवाले जास्त, दर महिन्याला तीच गोळी लिहून घ्यायला येणारे. शंभर पेशंटमधे साठ असे, पंचवीस सर्दी-खोकल्याचे, पंधरा इतर. डॉक्टरांनी वीस जणांना अँटिबायोटिक दिलं आणि ते वीसही सर्दी-खोकल्यातलेच. दुसरं क्लिनिक परदेशीपुऱ्याकडचं, तिथे लहान मुलं जास्त, शंभरातले सत्तर सर्दी-खोकल्याचे आणि त्यातल्या अठ्ठावीस जणांना अँटिबायोटिक, बाकी कोणालाच नाही.

सगळ्या पेशंटांनी भागलं तर पहिलं क्लिनिक २० टक्के, दुसरं २८ टक्के, म्हणजे पहिले डॉक्टर शहाणे आणि दुसरे बेफिकीर. आता फक्त सर्दी-खोकल्याच्या पेशंटांनी भागा. पहिलं ८० टक्के, दुसरं ४० टक्के. निकाल पार उलटा! आणि गंमत म्हणजे डब्ल्यूएचओच्या निर्देशकांबरोबर २० ते २६.८ टक्के हा जो आदर्श पट्टा बऱ्याच पेपरांत लावलेला असतो त्यात पहिलं क्लिनिक अगदी व्यवस्थित बसतं, कारण तो पट्टा सगळ्या पेशंटांच्या छेदावरचा आहे, तिथे कोण कशासाठी आलं होतं याचा विचारच नाही.

म्हणून रजिस्टर उघडायच्या आधी एका कागदावर प्रश्न लिहून काढा. येणाऱ्या सगळ्यांपैकी किती जणांना अँटिबायोटिक मिळतं, हा एक प्रश्न झाला. ठराविक आजाराच्या पेशंटांपैकी किती जणांना मिळतं, हा दुसरा, आणि माझ्या मते छोट्या क्लिनिकांसाठी हाच सगळ्यात कामाचा. तिसरा म्हणजे जी अँटिबायोटिकं लिहिली गेली त्यातली कुठल्या गटातली किती, इथे छेद पेशंट नाही तर लिहिलेली अँटिबायोटिकं. तिन्ही मोजा, हरकत नाही, पण तीन वेगळ्या रकान्यांत मोजा आणि रिपोर्टमधे प्रत्येक टक्क्याच्या बाजूला "कशापैकी" ते लिहा. हा नियम टीममधल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे.

आजार दोनच घ्या, सुरुवातीला. सर्दी-खोकला-घसा असा वरच्या श्वसनमार्गाचा एक, आणि रक्त नसलेले पातळ जुलाब हा दुसरा. दोन्हींत बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नसते, दोन्हींचे पेशंट भरपूर मिळतात, आणि दोन्हींत काय द्यायला हवं ते स्पष्ट आहे, मुलाला पातळ जुलाब असतील तर ओआरएस आणि १४ दिवस झिंक. म्हणजे जुलाबाच्या पर्चीत अँटिबायोटिक आहे का बघताना झिंक आहे का तेही बघून घ्या, त्या एका जादा रकान्यातून खूप कळतं. श्वसनमार्गाच्या वरच्या भागाच्या संसर्गासाठी युरोपातल्या तज्ज्ञांनी २०११ साली ० ते २० टक्के हा पट्टा सुचवला होता, तुलनेला तो घेता येतो, फक्त तो तिकडच्या जनरल प्रॅक्टिसचा आहे हे तळटीपेत टाका.

कुठली क्लिनिकं घ्यायची

"इंदूरमधली क्लिनिकं" म्हणजे नक्की काय हे इथे ठरतं. सरकारी संजीवनी क्लिनिक आणि शहरी पीएचसी आहेत, खाजगी एमबीबीएस आहेत, बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टर ॲलोपॅथीची औषधं लिहितात ते आहेत, संस्था-ट्रस्टचे स्वस्त दवाखाने आहेत, आणि बाणगंगा, मालवा मिलच्या आतल्या गल्ल्यांत बोर्ड नसलेलेही आहेत. फक्त सरकारी घेतले तर परवानगी एकाच ठिकाणाहून मिळते, सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) ऑफिसमधून, आणि काम झटपट होतं, पण मग रिपोर्टचं नाव "इंदूरमधलं प्रिस्क्राइबिंग" असं ठेवू नका, कारण लोक औषधं घेतात त्याचा मोठा भाग खाजगीत आहे.

खाजगी घ्यायचे असतील तर यादी हाताने करावी लागते. एक-दोन वॉर्ड निवडा, गल्लीगल्लीतून फिरा, दिसेल तो दवाखाना लिहा, मग त्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडा. ओळखीच्या डॉक्टरांकडून सुरुवात करायचा मोह प्रचंड होतो, इंदूरच्या मराठी लोकांत तर कोणाचा ना कोणाचा भाचा डॉक्टर असतोच, पण ओळखीचे हो म्हणतात ते बहुतेक ज्यांना लपवण्यासारखं काही नाही असेच असतात आणि मग आकडा आपोआप छान येतो. नाही म्हणणारे किती आणि कुठल्या प्रकारचे ते मात्र लिहून ठेवा, रिपोर्टमधे ते सांगावंच लागतं.

परवानगीच्या बाबतीत कंजूषी नको. मेडिकल कॉलेजशी जोडून घ्या, एथिक्स कमिटीकडे प्रोटोकॉल द्या, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीप्रमाणे करा. पेशंटचं नाव, मोबाइल, पत्ता तुमच्या शीटमधे येताच कामा नये. पर्चीचा फोटो काढायचा असेल तर वरचा भाग दुमडून काढायचा. डॉक्टरला नाव नाही, कोड. आणि कोड कुठला डॉक्टर ते सांगणारी यादी वेगळ्या माणसाकडे. सरकारी ऑफिसात कोणी विचारलंच की हे कशाला हवंय, तर सांगा की मध्य प्रदेशाने २०१९ मधेच अँटिबायोटिक रेझिस्टन्ससाठी (जंतूंवर औषध न चालणं) राज्याचा कृती आराखडा काढलाय, केरळनंतर देशात दुसरा. आणि संशोधनाची परंपरा म्हणाल तर उज्जैनच्या आर. डी. गार्डी मेडिकल कॉलेजने स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेबरोबर या विषयावर कितीतरी वर्षं काम केलंय, तेव्हा माळव्यात हे काही नवीन खूळ नाही.

डेटा मिळतो कुठून

सरकारी क्लिनिकात ओपीडी रजिस्टर असतं आणि औषधवाटपाचं वेगळं, दोन्ही जुळवावी लागतात. ओपीडीच्या वहीत बरेचदा आजाराच्या जागी "फीवर" एवढंच असतं, औषधं वाटपाच्या वहीत. दोन्हींमधला दुवा म्हणजे ओपीडी नंबर, तो जर दोन्हीकडे नसेल तर ते क्लिनिक मागच्या नोंदींवरून करायच्या पद्धतीला चालणार नाही, उगाच अंदाजाने जोडत बसू नका.

खाजगीत अवघड आहे. काही डॉक्टर सॉफ्टवेअर वापरतात, काही कार्बन कॉपी ठेवतात, पण वस्तीतल्या कितीतरी ठिकाणी पर्चीच नसते, डॉक्टर स्वतःच पुडी बांधून देतात, चार गोळ्या सकाळच्या चार रात्रीच्या, कुठली ते पेशंटलाही माहीत नसतं. अशा ठिकाणी दाराबाहेर उभं राहून पेशंटला विचारणं हाच मार्ग. पेशंटशी हिंदीतच बोलायचं, आणि प्रश्न साधे ठेवायचे, "डॉक्टर साब ने क्या बताया, क्या हुआ है?" आणि "दवाई दिखा सकते हैं क्या?" सुट्या गोळ्यांवर काही छापलेलं नसेल तर "ओळखता आलं नाही" हा रकाना भरायचा, तो रिकामा सोडायचा नाही आणि रंगावरून अंदाजही करायचा नाही. असे "ओळखता आलं नाही" खूप निघाले तर तो स्वतःच एक निष्कर्ष आहे.

तुमचा माणूस क्लिनिकात शेजारी बसून नोंद करत असेल तर डॉक्टर त्या दिवशी जपून लिहितात, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. म्हणून शक्य असेल तिथे जुन्या नोंदी घ्या. बसावंच लागलं तर पहिले एक-दोन दिवस फक्त बसा, तो डेटा मोजू नका, आणि फॉर्ममधे सगळीच औषधं भरायला ठेवा, म्हणजे तुमचा डोळा नेमका अँटिबायोटिकवर आहे हे उघड होत नाही. अभ्यास औषधांच्या वापराचा आहे असं सांगितलं तर ते खोटंही नाही, मात्र एथिक्स कमिटीला पूर्ण सांगा.

कोणीतरी हमखास सुचवतं की मेडिकल स्टोअरचं शेड्यूल एच१ चं (जपून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीचं) रजिस्टर बघा ना, सगळं तयार मिळेल. १ मार्च २०१४ पासून दुकानदाराला ते ठेवावं लागतं, लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि तीन वर्षं जपावं लागतं. कल्पना चांगली आहे पण त्यात सेफिक्सिम, सेफ्पोडॉक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिन येतात, ॲमॉक्सिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन नाही येत. म्हणजे ज्या दोन औषधांची तुलना करायची असते तीच दोन गायब. शिवाय त्यात ज्यांना अँटिबायोटिक दिलं नाही ते पेशंट नसतातच, म्हणजे छेदच नाही. पडताळणीला ठीक आहे, मोजमापाला नाही. दवा बाजारातल्या होलसेलच्या विक्रीचंही तेच, तिथून माल इंदूरबाहेर कुठे कुठे जातो, त्याला कुठल्या लोकसंख्येने भागणार?

किती पर्च्या, आणि कुठल्या

डब्ल्यूएचओ आणि आयएनआरयूडी (औषधांच्या योग्य वापरासाठीचं आंतरराष्ट्रीय जाळं) यांनी १९९३ साली औषधवापर मोजायची जी पद्धत दिली तीच अजून सगळे वापरतात. एका भागाचं चित्र हवं असेल तर किमान २० क्लिनिकं आणि प्रत्येकी ३० पर्च्या, एकूण ६००. एकाच क्लिनिकचं बघायचं असेल तर किमान १००. हे ३० आणि १०० नीट समजून घ्या. ३० पर्च्यांत निम्म्या अँटिबायोटिकच्या निघाल्या तर त्या क्लिनिकचा खरा आकडा ३२ पासून ६८ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, म्हणजे त्यावरून डॉक्टर "अ" आणि डॉक्टर "ब" यांची तुलना करणं म्हणजे शुद्ध अन्याय आहे. १०० वर तो पट्टा ४० ते ६० होतो. ३०-३० घेतलं असेल तर फक्त वीसही क्लिनिकांचा मिळून आकडा सांगा, एकेकाचा नाही.

आणि ६०० म्हणजे खरे ६०० नाहीत. एकाच डॉक्टरच्या पर्च्या एकमेकींसारख्या असतात. हे सारखेपण ० ते १ च्या मोजपट्टीवर थोडंसं, समजा ०.०५ धरलं, तरी १ अधिक २९ (३० पर्च्या उणे एक) गुणिले ०.०५ म्हणजे २.४५ ने भागावं लागतं, तुमचे ६०० साधारण २४५ च्या किमतीचे उरतात आणि चूक अधिक-उणे ४ टक्क्यांवरून ६ च्या थोडी वर जाते. म्हणून वेळ उरला असेल तर त्याच क्लिनिकांतून जास्त पर्च्या काढण्यापेक्षा आणखी क्लिनिकं घ्या.

पर्च्या पूर्ण वर्षातून काढा. फक्त जुलै-ऑगस्टमधे मोजलंत तर जुलाब आणि ताप, दिवाळीनंतर मोजलंत तर नुसता खोकला. वर्षाला समजा ९००० पेशंट असतील आणि १०० पर्च्या हव्यात तर दर नव्वदावी पर्ची, सुरुवातीचा नंबर १ ते ९० मधून चिठ्ठीने काढायचा. त्या नंबरवर ड्रेसिंगचा किंवा टीकाकरणाचा पेशंट निघाला तर काय करायचं हे आधी ठरवा (मी तो सोडून पुढचा घेते आणि सोडल्याची नोंद ठेवते). आजारानुसार मोजायचं असेल तर नुसत्या दर नव्वदाव्या पर्चीने सर्दीचे पुरेसे मिळत नाहीत, मग रजिस्टरमधून आधी सर्दीच्या सगळ्या नोंदींना खूण करा आणि त्यातून निवडा. एकाच आजारासाठी दुसऱ्यांदा आलेला पेशंट पहिल्या भेटीशी मिसळू नका, पहिली भेट की पुन्हा हा रकाना ठेवाच.

कशाला अँटिबायोटिक म्हणायचं

सोपं वाटतं, पण पहिली भांडणं इथेच होतात. फ्लुकोनाझोल नाही, ते बुरशीवरचं. ॲसायक्लोव्हिर नाही, अल्बेंडाझोल नाही. टीबीची औषधं वेगळी ठेवा. डोळ्यात-कानात घालायचे थेंब आणि मलमं वेगळी. खरी पंचाईत मेट्रोनिडाझोलची. डब्ल्यूएचओच्या एटीसी यादीत (औषधांना कोड देणारी यादी) तोंडाने घ्यायची आणि सुईतून द्यायची अँटिबायोटिकं जे०१ या कोडखाली येतात, पण मेट्रोनिडाझोलची गोळी पी०१ मधे म्हणजे परजीवीविरोधी औषधांत आहे, सलाईनमधून द्यायचं तेच औषध मात्र जे०१ मधे! डब्ल्यूएचओच्याच अवेअर यादीत (तिच्याबद्दल पुढे सांगते) गोळीसुद्धा अँटिबायोटिक म्हणून ॲक्सेस गटात धरलीय. इंदूरमधे जुलाबाला ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी सर्रास दिसते, तिच्यात एक अँटिबायोटिक आहेच, ती धरायचीच. मेट्रोनिडाझोल एकटं असेल तर मी वेगळा रकाना ठेवते आणि आकडा दोन्ही पद्धतीने देते, धरून आणि न धरून. कुठलीही पद्धत घ्या, पण लिहून ठेवा.

ब्रँडची यादी (कुठल्या ब्रँडमधे कुठलं औषध) हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा भाग. एकाच नावाच्या पुढे "सीव्ही" लागलं तर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आलं, "एलबी" लागलं तर लॅक्टोबॅसिलस, "ओझेड" लागलं तर ऑर्निडाझोल. पर्चीत शेपूट नीट दिसत नसेल तर मूळ नावावर औषध धरा आणि शंका म्हणून खूण करा. दुकानदाराला विचारून खात्री करता येते, त्याला रोज तेच वाचायचं असतं. ही यादी एकाच माणसाने सांभाळायची आणि बाकीच्यांनी तिच्यातूनच निवडायचं, नाहीतर सेफिक्सिम पाच स्पेलिंगांनी येतं आणि एक्सेल त्याची पाच औषधं करतं.

शीटबद्दल एकच सांगते. औषध १, औषध २, औषध ३ असे आडवे रकाने करू नका. दोन शीट करा, एकीत एक ओळ म्हणजे एक भेट: कोड, क्लिनिक, महिना, वय, स्त्री-पुरुष, आजार, पहिली भेट की पुन्हा. दुसरीत एक ओळ म्हणजे एक औषध, आणि भेटीचा कोड दोन्हींना जोडतो. ज्याला काहीच औषध दिलं नाही तो पेशंट पहिल्या शीटमधे राहतो, दुसरीत त्याची ओळ नसते. आडव्या शीटमधे नेमका हाच पेशंट गळतो, आणि तो गळला की छेद लहान होतो आणि टक्केवारी फुगते.

आजार लिहिताना

इथे जरा थांबते कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. पर्चीवर आजार लिहिलेला नसतो, किंवा "यूआरटीआय" (वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग) च्या जागी "इन्फेक्शन" असं मोघम काहीतरी असतं. मग नोंद करणारा मुलगा औषधं बघतो, अझिथ्रो दिसलं, तर म्हणतो घसा बराच खराब असणार, लिहा टॉन्सिलायटिस. झालं! आता तुम्ही औषधावरून आजार ठरवलात आणि मग त्याच आजाराला ते औषध योग्य होतं का ते तपासताय. हे वर्तुळ आहे, यातून काहीच निघत नाही, प्रत्येक डॉक्टर बरोबरच ठरतो.

म्हणून आजाराचा रकाना भरणाऱ्याला औषधं दिसता कामा नयेत. पर्चीचा फोटो असेल तर खालचा भाग झाका, रजिस्टर असेल तर एकाने आजार भरावा, दुसऱ्याने औषध. आजार लिहिलेला नसेल तर पेशंटने सांगितलेली लक्षणं घ्या, तीही नसतील तर "माहीत नाही". "माहीत नाही" ची टक्केवारी रिपोर्टमधे वरच टाका, तळाशी लपवू नका. डॉक्टर आजार ठरवतानाही आधी औषध ठरवतात आणि मग त्याला शोभेल असं निदान लिहितात, हे होतं, ते तुम्ही थांबवू शकत नाही, पण घसा, खोकला, सर्दी, ब्राँकायटिस, टॉन्सिलायटिस हे सगळं एकत्र धरूनही एक आकडा काढलात तर ही चलाखी बरीचशी निघून जाते.

पर्चीवर "तीन दिवसात बरं वाटलं नाही तर" असं लिहून दिलेलं अँटिबायोटिक वेगळ्या खुणेने नोंदवा, ते लगेच घेतलं गेलंच असं नाही.

कुठलं औषध आणि किती

डब्ल्यूएचओच्या अवेअर यादीत, ती २०१७ पासून आहे आणि २०२३ मधे तिच्यात सुधारणा झाली, अँटिबायोटिकांचे ॲक्सेस (आधी वापरायची), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवायची) असे तीन गट आहेत. ॲमॉक्सिसिलिन, ॲमॉक्सिक्लॅव, डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमोक्साझोल, सेफॅलेक्सिन, नायट्रोफ्युरँटोइन ही ॲक्सेस. अझिथ्रोमायसिन, सेफिक्सिम, सेफ्पोडॉक्सिम, सिप्रो, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन आणि सेफ्ट्रियाक्सोनची सुई ही वॉच. लिनेझोलिडसारखी रिझर्व्ह. त्याशिवाय शिफारस नसलेल्या जोडगोळ्यांची वेगळी यादी आहे, सेफिक्सिम-ऑफ्लॉक्सासिन त्यात येतं. सप्टेंबर २०२४ मधे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरलं की २०३० पर्यंत जगभरात माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकांपैकी किमान ७० टक्के ॲक्सेस गटातली असावीत.

आपल्याकडे कुठे आहोत? भारताच्या खाजगी क्षेत्रातल्या २०१९ च्या विक्रीवरून केलेला अभ्यास २०२२ साली आला, त्यात वॉच ५४.९ टक्के आणि ॲक्सेस २७ टक्के होतं, आणि सगळ्यात जास्त खपलेली गोळी अझिथ्रोमायसिन ५०० (७.६ टक्के), तिच्या पाठोपाठ सेफिक्सिम २०० (६.५ टक्के). तो विक्रीचा डेटा आहे, डीडीडीमधे मोजलेला, तुमचा पर्च्यांचा असेल, तेव्हा थेट शेजारी ठेवताना जपून.

डीडीडी म्हणजे मोठ्या माणसासाठी त्या औषधाचा दिवसाचा सरासरी डोस, डब्ल्यूएचओने ठरवलेला. अझिथ्रोमायसिन ०.३ ग्रॅम, सेफिक्सिम ०.४, ॲमॉक्सिसिलिन १.५. आता बघा, अझिथ्रो ५०० रोज एक असं तीन दिवस म्हणजे दीड ग्रॅम, भागिले ०.३, झाले ५ डीडीडी. सेफिक्सिम २०० दोनदा पाच दिवस म्हणजे २ ग्रॅम, तेही ५. ॲमॉक्सिसिलिन ५०० तीनदा पाच दिवस म्हणजे ७.५ ग्रॅम, तेही ५. तीन दिवसांचा कोर्स आणि पाच दिवसांचा कोर्स कागदावर एकच दिसतो. त्यामुळे क्लिनिकच्या पातळीवर मला डीडीडीपेक्षा "किती दिवस लिहिलं" हा साधा आकडा जास्त आवडतो. काढायचाच असेल तर तीन गोष्टी सांभाळा: ॲमॉक्सिक्लॅव ६२५ मधे ॲमॉक्सिसिलिन ५०० च असतं, तेवढंच धरायचं, ॲमॉक्सिसिलिनची डीडीडी २०१९ पासून १ ग्रॅमची १.५ झालीय, म्हणून जुन्या पेपरांशी तुलना करताना पुन्हा हिशोब करा. आणि लहान मुलांना डीडीडी लावूच नका, सिरपच्या चमच्यांना मोठ्या माणसाच्या डोसने भागून काय मिळणार.

भरून झालं की दहा टक्के पर्च्या दुसऱ्या माणसाकडून, पहिल्याचं न बघता, पुन्हा भरून घ्या. अँटिबायोटिक होतं की नव्हतं यावर दोघांचं जवळजवळ सगळीकडे जमायला पाहिजे, आजारावर थोडं कमी जमेल. जिथे जमत नाही तिथे व्याख्येचा कागद दुरुस्त करा, माणसावर चिडू नका.

आकडा परत द्यायचा कसा

ज्यांनी वही उघडून दिली त्या डॉक्टरला आकडा आधी, बाकी जगाला नंतर. आणि त्याला सगळ्यांच्या नावांची यादी नाही द्यायची, फक्त त्याचा स्वतःचा आकडा आणि बाकीच्यांचा मधला आकडा, शेजारी शेजारी. यात ताकद असते. इंग्लंडमधे २०१४ च्या सप्टेंबरात, आपल्या भागात सगळ्यात जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या वरच्या २० टक्के प्रॅक्टिसेसना मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचं एक साधं पत्र गेलं, की तुमच्या भागातल्या ८० टक्के प्रॅक्टिसेस तुमच्यापेक्षा कमी लिहितात, आणि पुढच्या सहा महिन्यांत पत्र मिळालेल्यांचं लिहिणं न मिळालेल्यांपेक्षा ३.३ टक्क्यांनी कमी निघालं. आकडा छोटा वाटतो, पण खर्च एका पत्राचा.

मात्र असं पत्र द्यायचं तर त्या डॉक्टरच्या किमान १०० पर्च्या हव्यात, ३० वर नाही. आणि तो म्हणणारच की "भिया, मेरे यहाँ पेशंट ही सीरियस आते हैं", तेव्हा आजारानुसार काढलेला आकडा पुढे ठेवा, म्हणून तर तो काढला. कधीकधी त्याचं म्हणणं खरंही असतं. ऐकून घ्या आणि लिहून घ्या, कारण पेशंट सुई मागतो, दोन दिवसात बरं नाही वाटलं तर शेजारच्या दवाखान्यात जातो, रोजंदारी बुडते, ही कारणं टक्केवारीत दिसत नाहीत पण पुढे काही बदलायचं असेल तर हातात तीच लागतात.

पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचं असेल तर तेच महिने, तीच व्याख्या, तीच ब्रँडची यादी (नवे ब्रँड वाढवून) आणि शक्यतो तीच क्लिनिकं. आणि सरकारी क्लिनिकांत प्रत्येक महिन्याला कुठलं अँटिबायोटिक स्टॉकमधे नव्हतं ते विचारून ठेवा. ॲमॉक्सिसिलिन दोन महिने आलंच नसेल तर त्या दोन महिन्यांत सेफिक्सिम वाढणारच, आणि तो आकडा घेऊन तुम्ही डॉक्टरला जाब विचारत बसाल, जेव्हा विचारायला हवं होतं स्टोअरला.